अंगठा हलला होता

माझ्या पाठीत दोन पोलादी सळ्या आहेत. वर आकडे, खाली आकडे आणि मध्ये फुटलेला मणका. ज्या सर्जननं त्या घातल्या त्यानं एक्स-रेची फिल्म वॉर्डाच्या खिडकीतल्या उजेडात धरून मला दाखवली होती. सळ्या इतक्या पांढऱ्या आणि सरळ दिसत होत्या की माझ्या अंगात तेवढीच एक वस्तू धड आहे असं वाटलं. त्यांच्यामुळे मी बसू शकतो. चालू शकत नाही. बसणं आणि चालणं यांच्यामध्ये जे काही गेलं त्यावरून माझं मोठ्या भावाशी भांडण आहे, आणि तो गेला तरी ते मिटलेलं नाही.

मी चिंचेचा व्यापारी. समुद्रपूर, गिरड, तिकडे सेलूपर्यंत ज्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चिंचेचं झाड होतं तो मला ओळखत होता. उभं झाड घ्यायचं, म्हणजे त्या हंगामाचा झाडावरचा सगळा माल घ्यायचा, काठ्यांनी झोडपून पाडायचा, वाळवायचा, फोडायचा आणि नागपूरला पाठवायचा. बाप गेला तेव्हा शेत होतं ते एकाच घराला पुरेल एवढं होतं, म्हणून ते मोठ्याकडे राहिलं. मी दुसऱ्यांच्या झाडांवर मजुरीनं चढू लागलो. वर चढून चढून एक गोष्ट कळली. व्यापारी सावलीत उभे राहून, मान वर करून झाडाचा अंदाज घेतात, आणि चिंच खालून कधीच खरी दिसत नाही. शेंड्याचा माल पानांत दडलेला असतो आणि खालून लदलेली वाटणारी फांदी वर जाऊन पाहावी तर अर्धी किडकी निघते. मी स्वतः व्यापारी झालो, अंगावर पांढरा सदरा आला, तरी आधी झाडावर चढायचो आणि मगच बोलायचो. मालक खाली, मी वर, आणि सौदा ओरडून. जमत नसेल तर खाली उतरून चप्पल घालायची आणि चालू लागायचं. धुरा वळायच्या आत मालकाची हाक येते. माझा अर्धा धंदा त्या चालू लागण्यावर होता.

मोठा भाऊ पायाळू होता. म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कमरेत भरलेली चमक निघून जाते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. निंदण करणाऱ्या बाया, पोती उचलणारे हमाल, सगळे त्याच्या ओट्यावर येऊन पालथे पडायचे. तो चप्पल काढायचा, डावा पाय पाठीला तीनदा लावायचा, आणि तिसऱ्यांदा थोडा भार द्यायचा. त्याबद्दल कोणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. शेतीत त्याला फारसं यश नव्हतं, बोलण्यातही तो मागे होता. गावात त्याला जो काही मान होता तो त्या पायाचा होता.

मी पडलो तो गिरडच्या अलीकडच्या एका शेतात. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. उन्हं तापायला लागलेली, चिंच अगदी पाडाला आलेली. भाऊ त्या दिवशी माझ्याबरोबर होता, कारण हंगामात मी त्याला मजुरांवर देखरेखीला घेत असे. मी वर दोन फांद्यांच्या दुबेळक्यात होतो आणि झाडाचा म्हातारा मालक खाली बैलबंडीला टेकून उभा होता.

"माल नाई म्हणता, अन् उतरत काऊन नाई?" तो ओरडला. "वर घरटं बांधून राह्यले का?"

"बाबाजी, तुमची चिच निम्मी किडकी हाय. मी पुण्य म्हून घेऊन राह्यलो."

"मंग ते पुण्य दुसऱ्याच्या धुऱ्यावर करजो!"

खाली मजूर हसले. मला राग आला, आणि उतरायचं म्हणून मी ज्या फांदीवर पाय दिला ती आतून वाळलेली होती.

धुऱ्यावर दगडांची ओळ होती. मी तिच्यावर बसलेलाच आदळलो. कमरेच्या वर कोणीतरी कुऱ्हाड रुतवून ठेवली आहे असं वाटलं. श्वास येईना. पायांत मुंग्या होत्या, पण पाय होते, माझे होते. मी उजव्या पायाकडे पाहिलं. त्याच्या अंगठ्याला मनातल्या मनात हल म्हटलं, आणि तो हलला. यावर मी आजही कोणाचीही शपथ घ्यायला तयार आहे.

मजूर भोवती जमले. "भाऊ, पाय लावा," त्यांतला एक माझ्या भावाला म्हणाला. "चमक भरली त्याइले."

भावानं चप्पल काढली. "लहान्या, पालथा हो."

"थांब. लय दुखते."

"दुखते म्हूनच त लावतो."

त्यांनी मला खांद्यांना आणि पायांना धरून पालथं केलं. तोंडात माती गेली. पाय एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा त्यानं भार दिला. ओली फांदी पिळून तोडताना होतो तसा आवाज माझ्या आत झाला. बाहेर कोणाला ऐकू आला नाही. आणि मग कमरेखाली सगळं शांत झालं. मुंग्या गेल्या. दुखणंसुद्धा पुष्कळ कमी झालं.

"गेलं ना दुखणं?" भावानं वाकून विचारलं.

"हाव. गेलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा फुलला. तो मजुरांकडे बघून हसला. "आता ऊठ," तो मला म्हणाला.

बंडीत कुटाराचा भुसा पसरून त्यावर मला घातलं. रस्त्यापर्यंत बैल चालले, पुढे एक मालट्रक मिळाला. वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मी पायांकडे पाहत होतो. गचक्यांनी ते डावी-उजवीकडे पडत होते, आणि बायको वाटेत बंडीवर चढली होती ती प्रत्येक वेळी ते सरळ करून ठेवत होती.

सर्जन पुण्याकडचा होता, माझ्यापेक्षा वयानं लहान. त्यानं टाचणी घेतली आणि माझ्या पोटापासून खाली टोचत गेला. "टोचतंय का?" बेंबीखाली मी नाही म्हणू लागलो. तो पावलांपर्यंत गेला, अंगठ्यापाशी थांबला, टाचणी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला आणि भावाला सगळं समजावलं. मणका फुटला आहे आणि जागेवरून सरकला आहे. आतून जी मज्जातंतूंची दोरी जाते ती चेंगरली आहे. दोन वाटा आहेत. एक, तीन महिने पाठीवर सपाट पडून राहायचं, हाड आपोआप जसं जुळेल तसं जुळू द्यायचं. दुसरी, पाठ उघडायची, मणका ताणून जागेवर आणायचा, दोन्ही बाजूंनी सळ्या अडकवायच्या, आणि कमरेच्या हाडाचे तुकडे काढून शेजारी रचायचे, म्हणजे ते पुढे एकजीव होतात. तसं केलं तर काही आठवड्यांत प्लास्टरचं जाकीट घालून बसता येईल.

"अन् चालता?" मी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. बसण्याचं सांगतो."

आयुष्यभर मी हे ऐकत आलो होतो. देणारा माणूस आधी कमीच बोलतो. मी म्हणालो, "साहेब, बसण्याचं झालं. आता चालण्याचं बोला."

"चालणं माझ्याकडे नाही हो. हाड मी सरळ करू शकतो. दोरी शिवायचं तंत्र जगात कोणाकडेच नाही."

"मंग मी मुंबईले जातो."

"जा की. तिथंही हेच सांगतील."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आग्रह नव्हता, मला परत बोलवायची घाईही नव्हती. अशा वेळी मी काय करतो? उतरतो, चप्पल घालतो, चालू लागतो. मी छताकडे पाहत पडून राहिलो. पंख्याचं एक पातं वाकडं होतं. तो पुढच्या खाटेकडे गेला.

भाऊ पाठ उघडायच्या विरुद्ध होता. "पाठीले चाकू लागला का माणूस खाटेवरच जाते," तो म्हणाला. "पडून राह्य ना तीन महिने. तुले काय काम हाय?"

"मले काय काम हाय?" मी इतक्या जोरात ओरडलो की नर्स आली. "मले चालाचं काम हाय! तुह्या पायानं माह्या पायाचं काम केलं, आता मणक्यावर बी तूच बोलशीन का?"

हे मी पहिल्यांदा बोललो होतो. वॉर्डातल्या चार खाटा ऐकत होत्या. भाऊ बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. संध्याकाळी परत आला तेव्हा माझी कूस बदलायची वेळ झाली होती, आणि तो न बोलता पलीकडच्या बाजूला उभा राहिला.

कूस बदलणं हे एक कामच होतं. मणका फुटलेल्या माणसाला ओंडक्यासारखं एकसंध वळवावं लागतं, खांदे आणि ढुंगण एकाच वेळी, नाहीतर आतलं हाड आणखी कापतं. दर दोन तासांनी वळवलं नाही तर कातडी सडते, आणि सडली तरी माणसाला कळत नाही. वॉर्डाची माणसं कमी, म्हणून घरच्यांना शिकवायचे. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला बायको, डोक्याशी तिसरं कोणी. भासऱ्यासमोर, म्हणजे माझ्या या थोरल्या भावासमोर, माझी बायको लग्न झाल्यापासून डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हती, त्याच्याशी थेट बोलत नव्हती. आता माझ्या अंगाखाली दोघांचे हात एकमेकांना लागायचे. पहिल्या दिवशी तिनं हात मागे घेतला आणि मी अर्धवट वळून तसाच राहिलो. भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाला, "तिले सांग, हात घट्ट धरजो म्हणा." मी सांगितलं. ती माझ्यापासून एका हातावर उभी होती. पुढे काही दिवसांनी सांगायची गरज राहिली नाही, पण दोघंही वळवताना एकमेकांकडे कधी पाहत नसत.

ऑपरेशनला मी हो म्हटलं. एक तर बसायचं होतं. दुसरं, कोणीतरी आत जाऊन पाहावं असं मला वाटत होतं. सगळे बाहेरून बोलत होते. भाऊ म्हणत होता, पडल्यावरच झालं. मी म्हणत होतो, अंगठा हलला होता. सही मीच केली. कुशीवर पडून, उशीवर कागद ठेवून, रेघ सोडून गेलेली.

सळ्या बाहेरून मागवाव्या लागल्या. त्या येईपर्यंत बायकोच्या माहेरच्यांनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन नवस बोलून घेतला. शेवटी एका सकाळी नेलं. टेबलावर घ्यायच्या आधी मी सर्जनला म्हणालो, "साहेब, आत नीट पाहाल. कशानं झालं ते पाहाल." त्यानं तोंडावर फडकं बांधलेलं होतं, डोळे तेवढे दिसत होते. त्यानं मान हलवली. मग भूल दिली.

शुद्धीवर आलो तेव्हा खांद्यांच्या मधून कमरेपर्यंत आग लावल्यासारखं होत होतं, आणि त्याच्या खाली पूर्वीसारखंच काही नव्हतं. मी अंगठ्याला हल म्हटलं. पांघरुणाखाली तो दिसत नव्हता, म्हणून बायकोला पांघरूण काढायला लावलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं पांघरूण परत घातलं आणि कडा नीट गादीखाली खोचली.

काही दिवसांनी सर्जन फेरीला आला, फिल्म दाखवली, सळ्या चांगल्या बसल्या म्हणाला. भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मी मुद्दाम तीच वेळ साधली.

"साहेब, आत काय दिसलं? दोरी कशानं चेंगरली? पडल्यानं का मागून भार पडल्यानं?"

सर्जननं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. भावानं दोन्ही हातांनी खाटेचा गज धरला होता.

"पडल्यानंच," सर्जन म्हणाला. "इतक्या उंचीवरून पडलात. जे व्हायचं ते त्याच क्षणी झालं. नंतरच्या कशानं काही झालेलं नाही."

भावानं गज सोडला. तो तिथंच खाली बसला आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकली होती. टाके काढायला सर्जन स्वतः आला तेव्हा भाऊ कपडे धुवायला विहिरीवर गेलेला होता. मी कुशीवर होतो, तोंड भिंतीकडे.

"साहेब, तुम्ही त्या दिवशी लवकर बोलले."

"म्हणजे?"

"खरा भाव सांगणारा माणूस जरासा थांबते. तुम्ही थांबले नाई."

मागं कात्रीचा आवाज येत राहिला. एक टाका, मग दुसरा. मग तो बोलला, हळू. "मणका पडल्यावरच फुटला, ते खरं आहे. तो तेव्हा किती सरकला आणि नंतर किती सरकला, हे उघडून कळत नाही. अंगठा हलला होता असं तुम्ही म्हणता. खरंच हलला असेल, तर त्या वेळी दोरी पूर्ण गेलेली नव्हती. तशा पाठीवर भार द्यायला नको होता."

"मंग त्याच्यासमोर काऊन नाई सांगितलं?"

"तुम्हाला कुशीवर कोण वळवतं?"

त्यानं पुढचा टाका कापला.

"दोन नर्स आहेत या वॉर्डात," तो म्हणाला. "घरी गेल्यावर तर कोणीच नसेल. तुमच्या बायकोला एकटीला जमणार नाही. तो निघून गेला तर थोड्याच दिवसांत तुमच्या पाठीला भोकं पडतील, मग ताप येईल. सळ्या राहतील, तुम्ही राहणार नाही. मी अशी माणसं गमावली आहेत."

त्यानं माझा सौदा मला न विचारता करून टाकला होता. भावाला क्लीन चिट, आणि बदल्यात मला भाऊ. वर बसून पाहिलं असतं तर कदाचित मीही तोच केला असता. पण मला कोणी वर बसू दिलं नव्हतं. तो सर्जन पुढच्या वर्षी बदलून गेला.

घरी आलो. प्लास्टरच्या जाकिटात पहिल्यांदा बसवलं तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी भावाच्या अंगावर कोसळलो. नंतर सवय झाली. भावानं ओट्याला उतार करून दिला, बाजेला दोऱ्या बांधल्या, म्हणजे मी हातांनी धरून उठावं. ठरल्या वेळी तो गल्लीपलीकडच्या त्याच्या घरून यायचा, मला वळवायचा, टाचा आणि कंबर तळहातानं चाचपून कातडी बघायचा. लघवीची नळी उकळायला शिकला. गाव त्याचं नाव घेत असे. भाऊ असावा तर असा, असं मला येऊन सांगत. मी ऐकत असे.

धंदा ओट्यावरून सुरू ठेवला. दुसरे झाडावर चढायचे आणि मला येऊन सांगायचे, आणि त्यांच्या सांगण्यावर मला बोलावं लागायचं. मालकांना कळून चुकलं होतं की हा आता सौदा सोडून चालू लागत नाही. एकानं तर हसत म्हटलं, "नाई पटत त जा ना उठून." मी त्याच्यावर पाण्याचा गडवा फेकला. गडवा त्याला लागला नाही, झाड मात्र गेलं.

आणि भाऊ पुन्हा पाय लावू लागला होता. मधे काही महिने थांबला होता. मग कोणीतरी चमक भरून आलं, भावानं पाय लावला, त्या माणसाला बरं वाटलं. आता तर त्याच्याकडे डॉक्टरचा शब्द होता. "मोठ्या सर्जननं पाठ उघडून पाह्यली," तो ओट्यावर पालथ्या पडलेल्यांना सांगायचा. "पायानं काईच होत नाई म्हणे." मी आत बाजेवर पडून हे ऐकायचो, आणि तोंडात आलेलं गिळायचो, कारण थोड्या वेळानं तोच आत येऊन मला वळवणार असायचा. अशी काही वर्षं गेली.

मग एका हिवाळ्यात कापसाची बंडी आमच्या गल्लीत थांबली. बंडीवर उंच कापूस भरून त्याच्यावर एक मजूर बसला होता, नाल्यात चाक उतरलं तसा तो वरून खाली आपटला. चार जणांनी त्याला हातापायांना धरून आणलं आणि भावाच्या ओट्यावर ठेवलं. त्याची बायको मागे ओरडत होती. मी माझ्या ओट्यावर बसलेलो, मध्ये फक्त गल्ली.

"पालथा करा," भाऊ म्हणाला. त्यानं चप्पल काढली.

"हात लावू नका त्याले!" मी ओरडलो. "कवाड काढा, कवाडावर सपाट झोपवा, दवाखान्यात न्या!"

सगळे थबकले. भावानं माझ्याकडे पाहिलं. "लहान्या, चमक हाय त्याले."

"चमक नाई. उंचावरून पडला तो. पाय लावू नको."

"पायानं काई होत नाई," तो शांतपणे म्हणाला. "तुह्या समोरच सांगितलं ना सर्जननं?"

तो माणूस पालथा होऊ लागला होता. कोणाचा तरी हात त्याच्या खांद्याखाली गेला. माझ्याजवळ गडवा नव्हता, काठी नव्हती, पाय नव्हते.

"तो खोटं बोलला!" मी म्हणालो. "तुले पाहून बोलला. मंग मले एकट्याले खरं सांगितलं. अंगठा हलत होता त पाय लावाले नोको होता म्हणे. तू मले सोडून जाशीन, मंग मले वळवाले कोणी राह्यणार नाई, म्हून तुह्यापासून लपवलं. माह्ये पाय तुह्या पायानं गेले."

गल्लीत बैल कान हलवत होते.

भाऊ उभा होता, एक पाय चपलेत, एक बाहेर. मग बाहेरचा पाय त्यानं चपलेत घातला. आत गेला, स्वतःच्या घराचं कवाड एकट्यानं चौकटीतून उचलून बाहेर आणलं आणि ओट्यावर आडवं ठेवलं. "एकाच वेळी उचला," तो लोकांना म्हणाला. "खांदे अन् ढुंगण. वळू देऊ नका." त्यानं स्वतः डोकं धरलं. त्या माणसाला कवाडावर घेतलं, बंडीतला कापूस थोडा उतरवून सपाट केला, आणि बंडी निघाली.

त्या संध्याकाळी तो येणार नाही असं मला वाटलं. बायकोनं शेजारणीला सांगून ठेवलं होतं. पण वेळ झाली तसा तो आला. बायको त्या बाजूला उभी राहिली. त्यानं मला वळवलं, कंबर चाचपली, टाचा पाहिल्या, पांघरूण घातलं आणि गेला. लहान्या म्हणाला नाही. त्यानंतर कधीच म्हणाला नाही.

कापसाच्या बंडीवरून पडलेला तो माणूस चार-पाच दिवसांत परत आला. मणका शाबूत होता. नुसता मार लागला होता, दवाखान्यानं मलम आणि गोळ्या देऊन घरी पाठवला. तो गुळाची भेली घेऊन माझ्याकडे आला, हसत, कमरेला हात लावून, थोडा तिरका चालत. "काई नोयतं, मालक. उगाच तुम्ही भाऊभाऊत वाकडं घेतलं," तो म्हणाला. गावही तेच म्हणू लागलं. भाऊ समोरच्या ओट्यावर बसला होता. तो माणूस गल्लीतून जाईपर्यंत त्यानं त्याच्या पायांवरची नजर काढली नाही.

नंतर कोणी चमक घेऊन आलं तर तो दवाखान्यात जा म्हणायचा. लोक यायचे थांबले. तो दिवसभर ओट्यावर बसायचा, आणि वेळ झाली की गल्ली ओलांडून माझ्याकडे यायचा. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो: डावीकडे, उजवीकडे, पाणी, नळी. त्यालाच उठवेनासं होईपर्यंत त्यानं मला वळवलं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या पाठीवर एकही जखम होऊ दिली नाही. दवाखान्यात तपासणीला गेलो की नवे डॉक्टर माझी कातडी पाहून चकित व्हायचे. कोण बघतं तुमचं, असं विचारायचे.

मी म्हणायचो, भाऊ.

त्या दिवशी मी बोललो नसतो तरी त्या माणसाचं काही बिघडलं नसतं, हे मला माहीत आहे. बोललेलं परत घेता आलं नाही. मला ते परत घ्यायचंही नव्हतं.